शोधनिबंध पाठवताय? कागदावर खपणाऱ्या या चुका फाइलमध्ये टाळा

डबल-ब्लाइंड परीक्षणासाठी (लेखक आणि परीक्षक दोघांना एकमेकांचं नाव कळू न देता होणारी तपासणी) पहिल्या पानावरचं नाव काढलं की झालं, असं अजून बऱ्याच जणांना वाटतं. कागदाच्या काळी ते खरं होतं. वरचं पान काढून बाकीचा गठ्ठा परीक्षकाला पोस्टाने जायचा. वर्डची फाइल मात्र सगळं पोटात ठेवते: लेखकाचं नाव, शेवटचा बदल कोणाचा, कोणी काय शेरा मारला.

आमच्या नियतकालिकाकडे असाच एक निबंध आला. नाव नाही, कॉलेज नाही, वरवर चोख. परीक्षकाने वर्डमधलं सगळे बदल-शेरे दाखवणारं ‘ऑल मार्कअप’ चालू केलं आणि गाइडसाहेबांचे शेरे नावासकट समासात हजर! एक होता, ‘नमुना कमी आहे, रिव्ह्यूअर अडवेल. दोन ओळींत गुंडाळ.’ परीक्षकाने अर्थातच तिथेच अडवलं. वर ओळख फुटली म्हणून नवा परीक्षक शोधणं आलं. ‘सर, मी नो मार्कअप केलं होतं,’ पोरगा म्हणाला. अरे, त्याने शेरे नुसते झाकले जातात!

मी फाइलची वेगळी प्रत करतो, त्यात सगळे बदल ‘अ‍ॅक्सेप्ट’, कॉमेंट डिलीट, मग फाइलमध्ये लपलेली नावं शोधून काढणारं ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’. दोन मिनिटांचं काम. पण डेडलाइनच्या रात्री पावणेबाराला अपलोड करणाऱ्यांकडे ती कधीच नसतात. आणि फाइलच्या नावात स्वतःचं आडनाव घालून कोणापासून लपताय?

परीक्षकही कमी नाहीत. पीडीएफवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवतात आणि प्रत्येकीवर त्यांचंच नाव. शेरे वेगळे टाइप करा. कागदावर खुशाल वाचा, मीही पहिलं वाचन पेन्सिल घेऊन प्रिंटआउटवरच करतो. पण त्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर धाडू नका. तुमचं अक्षर लावत बसायला संपादकाला वेळ नाही.

दुसऱ्याचा अप्रकाशित निबंध चॅटबॉटला देऊन अभिप्राय लिहून घेणं तर सरळ विश्वासघात. वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेने अनुदान-प्रस्तावांच्या परीक्षकांना २०२३ मध्येच याची बंदी केली.

ओळींना सलग क्रमांक द्या. ‘पान ७, तिसरा परिच्छेद’ दुसऱ्याच्या मशीनवर पान ८ वर सरकलेला असतो.

आलेखातल्या लाल-हिरव्या रेषा काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये सारख्याच दिसतात. एक तुटक काढा.

मराठी निबंध जुन्या श्री-लिपी फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये आणा, आणि नंतर स्वतः प्रूफ वाचा. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरांची वाट लावतो, आणि परीक्षक ते तुमचं अशुद्धलेखन समजतो.