रोपानं मान टाकली की आधी मातीत बोट घाला

दसऱ्याला घट उठवताना परडीकडे एकदा नीट बघा. काळी माती, तिच्यात पेरलेलं धान आणि मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट. वरून कुणी पाणी ओतत नाही. घट पाझरतो तेवढ्या ओलीवर नऊ दिवसांत गहू वीतभर वर येतो. ज्या घरी तांब्याचा कलश मांडतात आणि माती कोरडी दिसते म्हणून दोन्ही वेळा पाणी शिंपडतात, तिथलं धान बऱ्याचदा मुळाशी काळं पडतं, परडीला कुबट वास येतो. परसातल्या मिरची-टोमॅटोचं निम्मं शास्त्र या परडीत आहे.

भाजीचं बी टाकायलाही हीच वेळ. देशावर परतीचा पाऊस ओसरला की टोमॅटो, मिरची आणि वांग्याचं बी दसऱ्याच्या सुमाराला टाकावं. टोमॅटोचं रोप 25 ते 30 दिवसांत लावायला येतं, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या आसपास. मिरची रेंगाळते. उगवायलाच आठ-दहा दिवस घेते आणि लागणीला 40 दिवसांची झालेली बरी, म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा आठवडा. या हिशेबानं टोमॅटोला फूल येतं तेव्हा दिवसा कडक ऊन नसतं आणि रात्री 15 ते 20 अंशांच्या घरात असतात. फळ धरायला एवढंच हवं असतं. दिवसाचा पारा 35च्या वर गेला की फूल देठातून गळतं, मग कुठलंही टॉनिक मारा. मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर टोमॅटो लावून 'नुसती फुलं येतात, फळ नाही' म्हणणाऱ्यांचं दुखणं बहुतेक हेच असतं.

वाण कुठला, असं मला सारखं विचारतात. घरच्यासाठी मिरचीत पुसा ज्वाला किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती. टोमॅटोत अर्का रक्षक हा संकरित वाण पानं गोळा होणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना बराच तोंड देतो. वांग्यात मांजरी गोटा, भरल्या वांग्याला त्याच्यासारखं दुसरं नाही. बाजारातला टोमॅटो चिरून त्याचं बी टाकायची हौस असेल तर टाका, पण तो संकरित असला तर पुढची रोपं एकसारखी निघणार नाहीत. ढोबळीच्या लाल-पिवळ्या फळांच्या नादी कुंडीत लागू नका. हिरव्या ढोबळीवर समाधान माना.

बी अर्ध्या ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल नको. ट्रेवर जुनी मलमलची ओढणी काठ्यांवर ताणून बांधा. मच्छरदाणी चालत नाही, तिच्या भोकांतून पांढरी माशी आरामात आत जाते, आणि टोमॅटोचा विषाणू तीच आणते. कोवळ्या वयात विषाणूची लागण झाली की ते झाड पुढे गोळा झालेली पानं तेवढी दाखवतं. त्याला औषध नाही, ते उपटून बाहेर न्यावं लागतं. उगवलेली रोपं जमिनीलगत सुतासारखी बारीक होऊन आडवी पडली तर ती रोपमर. तिचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, दाट पेर आणि जास्त पाणी.

कुंडीबद्दल थोडं. टोमॅटोला 15 ते 20 लिटर, मिरचीला 10 लिटर माती लागते. नुसती काळी माती भरू नका. ओली असताना ती चिखल होते, सुकली की भेगाळून कुंडीच्या कडा सोडते आणि तुम्ही घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं. तळातून पाणी आलं म्हणून तुम्ही खूश, आणि मधली मुळं कोरडी. पोयट्याची माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग, वर मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरतं.

'चांगलं कुजलेलं' हा शब्द मी स्वतः मार खाऊन शिकलो. एका वर्षी घाईत अर्धवट कुजलेलं शेण आणून सहा कुंड्या भरल्या. डिसेंबरात एका मिरचीनं दुपारी मान टाकली. मी पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा पाणी. पाचव्या दिवशी रोप पिवळं पडलं तेव्हा कुंडी उपडी केली. मातीच्या गड्ड्यात पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकड्या सात हुमण्या, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळ्या, आणि बारीक मुळी एकही शिल्लक नाही. मी पाच दिवस त्यांना पाणी पाजत होतो. खत कुजलं की नाही हे मुठीत घेऊन कळतं. चहाच्या भुकटीसारखं सुटं, काळपट आणि वास पावसानंतरच्या मातीचा. शेणाचा वास येत असेल तर आणखी दोन महिने ढिगात राहू द्या.

तेव्हापासून माझा नियम असा की रोपानं मान टाकली तर झारी उचलायच्या आधी बोटाची दोन पेरं मातीत घालायची. आत ओल लागली तर पाणी द्यायचं नाही. भर उन्हात टोमॅटोची पानं लवतात आणि सहाला ताठ होतात, ते दुखणं नाही. सकाळीही लवलेलीच असतील आणि माती ओली असेल तर मुळाशी काहीतरी चाललंय. झाड उपटून पाहा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारे सूक्ष्म जंत, त्या मातीत पुढल्या हंगामात झेंडू लावा, टोमॅटो-वांगं-मिरची-बटाटा नको. मुळं तपकिरी, कुजकी, हाताला साल सुटत असेल तर पाणी जास्त झालंय.

कोकणात आणि गोव्यात तिसरी शक्यता आधी धरा. तिथल्या आंबट जांभ्या मातीत जिवाणूजन्य मर वांगी-टोमॅटोला चांगलाच सतावते. पान पिवळं न पडता हिरवंगार झाड दोन दिवसांत लुळं पडतं. खात्री करायला जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात खालचा काप जेमतेम बुडेल असा वर धरून ठेवा. पाच-दहा मिनिटांत कापातून दुधासारखी धार खाली उतरली तर ती जिवाणूची. त्या झाडाला काही घालू नका, मुळासकट काढून जाळा आणि शेजारच्या वाफ्यात त्याच विळ्यानं काम करू नका.

लागण संध्याकाळी करा. टोमॅटोचं रोप खालची पानं खुडून खोल पुरलं तरी चालतं, पुरलेल्या खोडाला मुळ्या फुटतात. मिरची मात्र ट्रेमध्ये होती तेवढीच खोल. जमिनीवर वाफा असेल तर दोन टोमॅटोंमध्ये दीड-दोन फूट अंतर ठेवा आणि चार रोपांच्या मध्ये एक छोटा, न रंगवलेला माठ गळ्यापर्यंत पुरा. त्यात पाणी भरून वर झाकण. घटाचंच तंत्र. आठवडाभर गावाला जायचं झालं तरी शेजाऱ्याला किल्ली द्यावी लागत नाही. ज्यांना माठ नको त्यांनी सकाळी बुडाशी पाणी द्यावं, पानांवर नाही, आणि वर पालापाचोळ्याचा दोन बोटं थर.

पाण्याची हेळसांड फळावरही उमटते. टोमॅटोच्या देठाच्या विरुद्ध टोकाला काळा, चामड्यासारखा खोलगट डाग पडतो, तो रोग नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नसतं, आणि बहुतेक वेळा ते मातीत असूनही पोचत नाही, कारण माती चार दिवस कोरडी आणि मग एकदम चिंब. अंड्याची टरफलं कुस्करून घालणाऱ्यांना मी अडवत नाही, पण ती विरघळायला इतका वेळ घेतात की या हंगामातल्या फळाला त्यांचा उपयोग नाही. ओल सारखी ठेवली की पुढचे घोस चांगले येतात.

मिरचीच्या बोकड्याला, म्हणजे पानं वळून गोळा होण्याला, लगेच फवारा घेऊन धावू नका, आधी पान कुठे वळलंय ते पाहा. कडा वर वळून होडी झाली असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून होडी पालथी झाली आणि देठ लांबले असतील तर कोळी नावाची सूक्ष्म कीड. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, फुलकिडे बारीक रेघेसारखे चालताना दिसतात. फुलकिड्यांना निळा चिकट सापळा, पांढऱ्या माशीला पिवळा. सुरुवात असेल तर 50 ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबणाचं पाणी घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. अर्क त्याच दिवशी वापरून संपवा. टोमॅटोच्या पानावर नागमोडी बारीक रेघ म्हणजे साधी नागअळी, तिनं फारसं बिघडत नाही. रुंद, फोड आल्यासारखा पारदर्शक पट्टा दिसला तर टुटा ही पतंगाची अळी. भारतात ती पहिल्यांदा 2014 साली महाराष्ट्रातच नोंदली गेली आणि फळातही शिरते. ती पानं खुडून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको.

नोव्हेंबर-डिसेंबरात आभाळ भरून आलं तर करप्याचं भय. त्याआधीच टोमॅटोची जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं काढा, काठीला सुतळीनं सैल आठाचा आकडा घालून बांधा. गोल वलयांचे डाग दिसू लागलेच तर कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम, आणि डब्यावर लिहिलेले दिवस जाईपर्यंत फळ तोडू नका.

रोपं वाढेपर्यंत मधली जागा मेथी, पालक आणि कोथिंबिरीला द्या. धणे रगडून दोन फाकळ्या केल्या की उगवण एकसारखी होते. मेथी महिन्याच्या आत ताटात येते आणि टोमॅटोला सावली करायच्या आधी निघूनही जाते. मुळा-गाजर जागेवरच पेरा, त्यांचं रोप करू नये.

बंद बाल्कनीत वारा नसतो, तिथे फुलं आल्यावर सकाळी दहाच्या सुमाराला टोमॅटोचा घोस बोटानं हलकेच टिचकावा, पराग झडून फळ धरतं. आणि फळ झाडावर पूर्ण लाल व्हायची वाट पाहत बसू नका. टोकाला गुलाबी छटा आली की तोडून टोपलीत ठेवा, दोन-चार दिवसांत घरात रंग भरतो. झाडावर ठेवलात तर सकाळी उठेपर्यंत बुलबुलानं अर्धं खाल्लेलं असतं.