चार्जशीट न जाता बंद झालेल्या केसचे कागद काढताय? या चुका टाळा

आमच्या आतेभावाने नागपुरात मानेवाड्याकडे प्लॉट घेतला, पैसे मोजले आणि मग कळलं की तोच प्लॉट आधी दुसऱ्यालाही विकून झालाय. फसवणुकीची एफआयआर झाली, त्यानंतर दोन वर्षं नुसत्या चकरा. पोलीस स्टेशनला गेलं की ठाणेदार साहेब राउंडवर, आणि टेबलवरचा माणूस म्हणे "तपास चालू आहे ना भाऊ". शेवटी एकाने हळूच सांगितलं, केस बंद होऊन वर्ष झालं, चार्जशीट गेलीच नाही.

मग गडी चिडला आणि माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. त्यात लिहिलं काय, तर "आरोपीवर कारवाई काहून नाही केली?" ही पहिली चूक, आणि दहातले आठ जण हीच करून राहिले. माहिती अधिकारात 'का' विचारलं की उत्तर येतं, प्रश्नार्थक आहे, माहितीच्या व्याख्येत बसत नाही. कागद मागा. कागदाचं नाव घेऊन मागा. आणि महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा लागतो, तिथे रामायण लिहू नका.

दुसरी चूक जास्त महागात पडते. "केसची सगळी फाइल द्या" असं मागतात. अरे पण फाइल आहे कुठे ते तर बघा. आपल्याकडे चार्जशीट होत नसेल तर पोलीस कोर्टात समरी, म्हणजे केस बंद करायचा अहवाल, पाठवतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही, बी म्हणजे तक्रारच मुद्दाम खोटी, सी म्हणजे खरी नाही न् खोटीही नाही, गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी भानगड. प्लॉटच्या केसेस सीमध्ये खूप ढकलल्या जातात, हे माझं स्वतःचं निरीक्षण. म्हणून पोलिसांकडे एवढंच मागा: अमुक गुन्हा नंबरमध्ये कोणती समरी पाठवली, कोणत्या तारखेला, जावक नंबर काय, कोणत्या कोर्टात, आणि समरीची प्रत. हे द्यायला त्यांनाही जड जात नाही. पुढचे कागद कोर्टातून नकलेने निघतात, सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात नक्कल विभागात अर्ज करायचा. तुम्ही फिर्यादी नसाल, तिऱ्हाईत असाल तर कारण लिहून आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

आता नकाराचं. पोलिसांचं ठरलेलं वाक्य, "तपासात अडथळा येईल सबब माहिती देता येत नाही, कलम ८(१)(ज)". इथे गंमत बघा, मराठी कायद्यातला 'ज' म्हणजे इंग्रजीतला एच, तपासवाला. आणि इंग्रजीतला जे म्हणजे मराठीत 'ञ', खाजगी माहितीवाला. लोक अपिलात भलत्याच कलमावर भांडत बसतात! 'ज' लावला असेल तर सरळ लिहा की समरी कोर्टात गेली, तपास संपला, आता अडथळा नेमका कशात येतो ते सांगा. दिल्ली हायकोर्टाने २००७ मध्ये भगतसिंग केसमध्ये हेच म्हटलंय, नुसता तपास चालू आहे एवढं कारण पुरत नाही, अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. 'ञ' मात्र आता कडक झालाय, नोव्हेंबर २०२५ पासून डेटा संरक्षण कायद्याने त्यातला सार्वजनिक हिताचा भाग काढला, पण कलम ८(२) शिल्लक आहे, तिथून जनहित मांडता येतं. साक्षीदारांची नावं, फोन नंबर मागूच नका, कलम १० प्रमाणे तेवढं झाकून बाकीचं द्या असं तुम्हीच लिहा. आणि एक लक्षात ठेवा, ज्याच्यावर चार्जशीटच झाली नाही तो माणूसही कोणाचा तरी भाऊ-बाप असतो, त्याचं नाव व्हॉट्सॲपवर फिरवायला कागद काढत असाल तर राहू द्या.

केस डायरी मागण्यात वेळ घालवू नका, ती आरोपीलाही मागता येत नाही. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, पानाला २ रुपये, उत्तर ३० दिवसांत, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. दुसरं अपील जातं त्या माहिती आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे, मुंबईला जायची गरज नाही.

आतेभावाची नक्कल आली, ४१ पानं. समरी सी. त्यात कोर्टाची नोटीस, तिच्यावर शेरा: "दिलेल्या पत्त्यावर फिर्यादी मिळून आला नाही". पत्ता वाचला तर काय, एफआयआर लिहिणाऱ्याने राहत्या घराऐवजी त्या प्लॉटचाच नंबर टाकलेला. रिकाम्या प्लॉटवर माणूस कुठून मिळणार बाप्पा? फिर्यादीला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय केस बंद करता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच भगवंत सिंग केसमध्ये सांगून ठेवलंय, वकिलाने त्या एका शेऱ्यावर, उशीर माफीच्या अर्जासकट, सेशन कोर्टात रिव्हिजन, म्हणजे केस बंद करण्याचा आदेश तपासून बघायचा अर्ज, टाकली. म्हणून एफआयआरवर सही करताना आपला पत्ता बोट ठेवून वाचा, घाई झाली असली तरी.