अंगणात दगडी फरशी बसवताना या चुका टाळा

बंगल्याच्या मागे, बागेला लागून चार खुर्च्या टाकायला फरशी करायची ठरली, की घरात पहिली चर्चा होते ती शहाबादी घ्यायची, कोटा की तांदूर याचीच. दगडाच्या वखारीत दोन-तीन फेऱ्या होतात, रंग जुळवले जातात. फरशीखाली भरायचा मुरूम मात्र ठेकेदार आणेल तो. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यानंतर जे बिघडतं, ते बहुतेक वेळा या मुरमात किंवा त्याच्याही खाली बिघडलेलं असतं. बोल मात्र दगडाला लागतो.

खाली काय आहे ते न बघता काम सुरू करणं

पुणे, नाशिक, नगरपासून थेट विदर्भापर्यंत पुष्कळ ठिकाणी अंगणाखाली काळी माती असते. उन्हाळ्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. तिच्यावर सरळ खडी पसरून फरशी बसवली तर ती दर वर्षी वर-खाली होणारच. मग सांधे फुटतात आणि त्यातून पाणी आत जाऊन माती आणखी हलते. किमान दीड ते दोन फूट काळी माती काढून तिथे मुरूम भरायला हवा. एवढ्याने प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण त्याखालीही काळी मातीच असते. म्हणून फरशीच्या कडेला रोज पाणी लागणारे वाफे करू नका आणि पागोळ्यांचं पाणी कडेला जिरू देऊ नका. मातीतला ओलावा जितका कमी बदलेल तितकी ती कमी हलेल.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याची जमीन हा त्रास फारसा देत नाही. तिथे पाण्याचा जोर आणि शेवाळ हीच खरी डोकेदुखी.

नव्या घराच्या भिंतीलगतचा तीन-चार फुटांचा पट्टा सगळीकडेच दगाबाज असतो. पायाचे खड्डे खणताना निघालेली माती, फुटक्या विटा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या असा सगळा राडारोडा तिथे ढकलून वरून सारखा केलेला असतो. दोन पावसाळ्यांत तो बसतो आणि भिंतीजवळच्या फरशा घराच्या दिशेने कलतात. तपासायला बारा मिलिमीटरची सळई घ्या आणि जागोजागी हाताने दाबून बघा. फूटभर सहज आत गेली तर तिथे भराव आहे असं समजा. तेवढा पट्टा पक्क्या जमिनीपर्यंत उकरून काढा.

मुरूम एकदम ओतून वरून धुम्मस मारणं

फूटभर मुरूम एका दमात टाकून वरून धुम्मसने, म्हणजे ठोकायच्या जड ठोकळ्याने, कितीही ठोकला तरी दबाई वरवरच होते. खालचा सुटाच राहतो. सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग दबाई आणि मगच पुढचा थर, हा क्रम चुकवू नका. शक्य असेल तर कॉम्पॅक्टर भाड्याने आणा. पाणी किती? ओला मुरूम मुठीत दाबला तर गोळा टिकला पाहिजे आणि बोटांमधून पाणी निथळता कामा नये. चिखल झाला असेल तर वाळेपर्यंत थांबा. चिखलावर धुम्मस नुसती उड्या मारते.

हिशेबातही इथेच गडबड होते. 20 बाय 12 फूट जागा आणि फूटभर मुरूम म्हणजे 240 घनफूट, म्हणजे 2.4 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). पण हा झाला दबलेला मुरूम. सुटा मुरूम दबून साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कमी होतो, म्हणून तीन ब्रास मागवावा लागतो. अडीच ब्रास आला की उरलेली उंची मिस्त्री सिमेंट-वाळूच्या मालाने भरून काढतो. मग एका कोपऱ्यात माल इंचभर आणि दुसऱ्यात तीन इंच, असं होऊन बसतं.

माझं मत विचाराल तर खोदाई आणि मुरूम उन्हाळ्यात उरका, एक पावसाळा त्यावरून जाऊ द्या आणि फरशी दिवाळीनंतर बसवा. जे बसायचं असेल ते पावसात बसतं, नंतर खळगे दिसतात तिथे भर घालता येते. चार महिने चिखल तुडवायचा का, असं घरचे म्हणतील. वर दोन इंच कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, पसरली की चिखल होत नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने उरकलेली फरशी मला तरी कधीच पटत नाही.

उतार आणि उंची

उघड्यावरच्या फरशीला दहा फुटांमागे दीड ते दोन इंच उतार लागतो. घरातल्या फरशीची सवय असलेला मिस्त्री नकळत सपाट बसवतो. तुम्हीच लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) धरून चारही कोपऱ्यांच्या खुणा करून घ्या आणि दोरी बांधल्याशिवाय पहिला दगड ठेवू देऊ नका. उतार घरापासून लांब हवा. पण कंपाउंडच्या भिंतीपर्यंत आलेलं पाणी पुढे कुठे जाणार, तेही आधीच ठरवा. भिंतीला तळाशी भोकं नसतील तर पाणी तिथेच तुंबतं.

फरशीची वरची पातळी जोत्याच्या वरच्या पातळीपेक्षा किमान सहा इंच खाली ठेवा. बाहेर पडायला पायरी नको म्हणून अंगण जोत्याबरोबर उचललं तर पावसाचे शिंतोडे भिंतीवर उडतात आणि आतल्या खोलीत ओल येते.

आणि कृपा करून ड्रेनेजचं चेंबर फरशीखाली गाडू नका. दिसायला वाईट दिसतं म्हणून हे सर्रास केलं जातं. तुंबलं की कुठली फरशी फोडायची, हे कुणालाच आठवत नाही. झाकण फरशीच्या पातळीला उचलून घ्या. बागेच्या दिव्यांसाठी, ठिबकच्या नळीसाठी एक-दोन रिकामे पाइपही याच वेळी आडवे टाकून ठेवा.

झाड असेल तर बुंध्याभोवती निदान तीन-तीन फूट माती उघडी सोडा. झाडांची मुळं काँक्रीटने गुदमरतात म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीत बुंध्याभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढायला लावलं होतं. घरच्या आंब्याला तेवढी जागा द्यायला हरकत नसावी.

बसवताना

चार कोपऱ्यांवर आणि मध्ये एक असे मालाचे गोळे ठेवून वर दगड दाबायचा, ही पद्धत पटकन उरकते म्हणून चालते. मधल्या पोकळीत पाणी साचतं, मुंग्या घर करतात आणि एखाद्या दिवशी भरलेला सिलिंडर टेकवला की दगड तडकतो. माल पूर्ण पसरलेला हवा. बाहेर साधारण 1:6 चा माल (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) आणि दगडाच्या पाठीला सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं सिमेंट, ठीक चालते. पाठ आधी धुऊन घ्या, कारण खाणीची भुकटी चिकटलेल्या दगडाला माल धरत नाही.

शहाबादी फरशीची जाडी एकसारखी नसते. आल्या आल्या जाडीप्रमाणे थप्प्या लावून घेतल्या तर पुढचं निम्मं भांडण टळतं. पॉलिश केलेली पातळ फरशी बाहेर नकोच. ओली झाली की ती घसरते. सांधे आठ-दहा मिलिमीटरचे ठेवा. एकाला एक चिकटवून बसवलेल्या फरशा उन्हाने फुगल्यावर एकमेकींना ढकलतात आणि मधलीच एखादी उचलली जाते. मोठ्या अंगणात दर दहा-बारा फुटांवर पूर्ण तळापर्यंत एक मोकळा सांधाही सोडावा लागतो.

खाली काळी माती असेल आणि गाडी येणार नसेल, तर मी सिमेंट टाळून दीड-दोन इंच जाडीचे दगड कचेवर कोरडेच बसवीन, कडेला मात्र पक्की दगडी कड घालून. सांध्यांतून थोडं पाणी जिरेल हे खरं. पण दगड हलला तर उचलून, कच सारखी करून तासाभरात परत बसतो.

बिघडलंच तर आधी एक दगड उचला

हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलं की पोकळ दगड आवाजावरून कळतो. त्यातला एक सांधा फोडून अलगद उचला आणि उलटा करून बघा. पाठ स्वच्छ असेल आणि खालचा माल घट्ट, तर धूळ किंवा न मारलेली स्लरी हे कारण; तेवढाच दगड धुऊन परत बसवता येतो. पाठीवर गोल ठसे असतील तर काम गोळ्यांचं आहे आणि बाकीच्या दगडांचंही तेच असणार. मालासकट सगळं खाली गेलं असेल आणि सळई सहज आत जात असेल, तर भराव बसलाय. तिथे वरवर सिमेंट ओतून उपयोग नाही, उकरून पुन्हा दबाई करावी लागेल.

वर पांढरी भुकटी येत असेल तर तो खालून ओलाव्याबरोबर आलेला क्षार आहे. कोरड्या ब्रशने झाडा आणि ओलावा कुठून येतो ते शोधा; बोअरचं खारट पाणी मालात वापरलं असेल तर ती काही महिने येत राहते. सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री ॲसिड सुचवेल. शहाबादी, कोटा, तांदूर, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड आहेत. टाकाऊ तुकड्यावर ॲसिडचा एक थेंब टाकून दाखवा. फेस येतो, आणि पुसल्यावर तिथे फिकट, खरखरीत ठिपका राहतो. डाग बसवतानाच ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे असतात. राहिलेच तर पटाशीने हलके खरवडा आणि साध्या साबणाने धुवा.