ग्रीक डब टेक्नो शोधताना ‘ग्रीस’ टाइप करू नका

डब टेक्नो म्हणजे प्रतिध्वनी आणि खोल बेसवर उभं असलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत. ग्रीसमधलं शोधायचं असेल तर आधी फ्लक्शन ऐका. हे अथेन्सच्या कोन्स्तान्तिनोस सुब्लिस यांचं टोपणनाव. त्यांचा ‘व्हायब्रंट फॉर्म्स’ हा अल्बम १९९९ मध्ये बर्लिनच्या चेन रिॲक्शन या लेबलवर (म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीकडून) आला. हे लेबल ‘बेसिक चॅनल’ या बर्लिनच्या संगीतकार जोडीचं, म्हणजे डब टेक्नोचं माहेरच. खरी अडचण इथेच आहे: ग्रीक माणसाची रेकॉर्ड जर्मन लेबलवर. डिस्कॉग्ज या रेकॉर्डची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर देशाचा फिल्टर लावलात तर तो फिल्टर रेकॉर्ड कुठे प्रसिद्ध झाली ते दाखवतो, कलाकार कुठला ते नाही. म्हणून देश सोडा, लेबल धरा. एक आवडलेली रेकॉर्ड उघडा, लेबलच्या पानावर जा, तिथली सगळी नावं चाळा. मग कलाकाराची इतर टोपणनावं बघा. या मंडळींना नावं बदलायची भारी हौस.

बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या वेबसाइटवर ‘अथेन्स’ टॅग शोधलात की अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं अथेन्सही येतं, आणि तिथे गिटारवाले बँड उदंड. त्यामुळे शहरासोबत ‘डब टेक्नो’ किंवा ‘ॲम्बियंट’ (शांत, वातावरण उभं करणारं संगीत) जोडा, थेसालोनिकी हे ग्रीसमधलं दुसरं शहरही तपासा. ग्रीक लिपीत शोधलं तर आणखी वेगळं हाती लागतं.

ॲम्बियंटसाठी ग्रीक संगीतकार साव्वास इसातिस यांनी अमेरिकन संगीतकार टेलर ड्युप्री यांच्यासोबत केलेलं काम घ्या. मला ते रात्री उशिरा जास्त भावतं.

आणि हो, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका. डब टेक्नोचा अर्धा जीव खालच्या बेसमध्ये असतो, तो तिथे पोचतच नाही. साधा वायरचा हेडफोनही चालेल.