रेंज गेली तर: आगोटीआधी ठरवून ठेवायच्या गोष्टी

मे महिना लागला की आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या साठवणीची, घाई सुरू होते. सुकी मासळी, कांदे, मीठ-मिरची, चुलीला लाकडं. दापोली तालुक्यात समुद्राला लागून असलेल्या गावात माझं किराण्याचं दुकान आहे, त्यामुळे कोणाच्या घरात पावसाळ्याची किती बेगमी झाली हे मला घरबसल्या कळतं. हल्ली मी प्रत्येक गिऱ्हाइकाला यादीत आणखी एक गोष्ट धरायला लावते. मोबाइलचं नेटवर्क सगळीकडेच गेलं तर आपल्या माणसांना निरोप कसा द्यायचा, हे आत्ता, फोन चालू असतानाच ठरवून टाका.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि आमच्या दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करून गेलं. विजेचे खांब पडले, पाठोपाठ टॉवर गेले. लॉकडाऊनचे दिवस, मुंबईची मुलं निघूही शकत नव्हती. इकडे म्हातारी माणसं धडधाकट होती, आणि तिकडे दिवा-नालासोपाऱ्याच्या खोल्यांत त्यांची मुलं जेवत नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, जुलैत चिपळूणचा पूर आला, तेव्हाही तेच. वादळ आपल्या हातात नाही. हा जिवाला लागणारा घोर मात्र बराचसा टाळता येतो, आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही.

आधी बघा, गेलंय काय

फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, पण कॉल लागत नाही, नेटही नाही, असं असेल तर बहुतेक टॉवर जिवंत आहे आणि त्याला जोडणारी फायबर केबल कुठेतरी तुटली आहे. रस्त्याच्या कामात जेसीबी लागला की हे होतं, दरड आली की होतं. काड्याच नाहीत, तर टॉवरची वीज गेली असण्याची शक्यता जास्त. टॉवरखाली बॅटऱ्या असतात, त्या काही तास ओढतात. पुढे डिझेलचा जनरेटर. पण झाडं पडून रस्ता बंद झाला की डिझेलची गाडी येत नाही आणि वादळ सरल्यावर दुसऱ्या दिवशी नेटवर्क जातं. म्हणून वारा थांबला आणि फोन अजून लागतोय असं दिसलं की वाट बघू नका. त्याच तासात खुशालीचा निरोप पाठवा.

तिसरा प्रकार गणपतीत बघायला मिळतो. सगळे चाकरमानी एकदम गावात, टॉवर तेवढाच. तेव्हा बिघाड काहीच नसतो, गर्दी असते. पहाटे लावलात तर फोन लागतो.

दोन कंपन्यांची दोन सिमं ठेवा असं सगळेच सांगतात. ठेवा, पण एक बघून घ्या. आमच्याकडे पुष्कळदा एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असतात. तो टॉवर बसला की दोन्ही सिमं सोबतच जातात. दुसरं सिम अशा कंपनीचं घ्या जिची रेंज तुम्हाला दुसऱ्या दिशेने, खाडीपलीकडून किंवा दुसऱ्या डोंगरावरून मिळते. आणि त्यात रिचार्ज असू द्या. रिचार्ज संपलेल्या सिमवर काही दिवसांनी येणारे कॉलही बंद होतात, आणि ते नेमकं गरजेच्या वेळी कळतं.

चाकरमान्यांशी करायचा ठराव

हे सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून सविस्तर सांगते. मे महिन्यात मुलं सुट्टीला गावी येतात तेव्हा सगळ्यांना पडवीत एकत्र बसवा आणि तीन गोष्टी नक्की करा.

एक, बाहेरचा माणूस. कोकणात नाही आणि शक्यतो मुंबईतही नाही असा एक नातेवाईक निवडा, पुण्याचा किंवा कोल्हापूरचा. वादळ किनाऱ्यावर असलं तरी त्याचा फोन चालू असण्याची आशा जास्त. गावातून निरोप फक्त त्याला जाईल, आणि मुंबई-सुरतेतली सगळी माणसं त्यालाच विचारतील. आमच्या घरी हे काम कोल्हापूरच्या आतेकडे आहे. तिच्याकडे सगळ्यांचे नंबर कागदावर लिहिलेले आहेत. अडखळत चालणाऱ्या नेटवर्कवर बारा फोन लागणार नाहीत, एक निरोप जाईल.

दुसरं, वेळ. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, किंवा तुम्हाला सोयीची असेल ती. त्या वेळी दहा-पंधरा मिनिटं दोन्हीकडचे फोन चालू, एरवी गावचा फोन बंद किंवा फ्लाइट मोडवर. रेंज नसताना फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि त्यात बॅटरी भराभर उतरते. मुलांनाही हे माहीत असलं म्हणजे दुपारी दोनला फोन बंद लागला तरी त्यांचं काळीज हलत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे किती दिवस काळजी करायची नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण हे तोंडाने बोलून ठरवा. माझ्या सासूबाई दिराला सांगतात, "अरे, फोन नाय लागला म्हणजे टॉवर पडलाय. आई नाय पडली." किती दिवसांनंतर कोणी प्रत्यक्ष यायचं, कोणी कोणाला पाठवायचं, हे नक्की असेल तर माणूस भर पावसात मोटारसायकलवर कशेडी घाट चढायला निघत नाही. वादळानंतरच्या रस्त्यावर पडलेल्या तारा असतात, खचलेल्या मोऱ्या असतात. फोन लागत नाही एवढ्या कारणासाठी कोणी त्यात जीव घालू नये, असं मला मनापासून वाटतं.

निरोप लिहायचा कसा

कॉलच्या मागे लागू नका. रेंज येते-जाते अशी असेल तेव्हा साधा एसएमएस बऱ्याचदा निघून जातो. व्हॉट्सअॅपला इंटरनेट लागतं, एसएमएसला लागत नाही. देवनागरीत लिहिलेल्या एका एसएमएसमध्ये 70 अक्षरं मावतात, इंग्रजी लिपीत 160. लांब निरोपाचे तुकडे होतात आणि एखादा वाटेत अडकतो. म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहा. आणि एकाच निरोपात सगळं घाला: कोण कोण सुखरूप, घराचं काय झालं, औषध किती दिवसांचं आहे, पुन्हा कधी बोलू. "कसे आहात" विचारण्यात तो एक एसएमएस घालवू नका.

रेंजसाठी आमच्याकडे लोक सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, जातात. खाली वाडीत काही नसतं, पण वर कातळावर आलं की लांबच्या टॉवरची एखादी काडी मिळते. जा, पण वारा थांबल्यावर. ढगांचा गडगडाट असेल तर मुळीच नको, उघड्या सड्यावर सगळ्यांत उंच तुम्हीच असता. वर पोहोचलात की फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडण्याचा पर्याय चालू आहे ना ते बघा. मोठ्या आपत्तीत सरकार कंपन्यांना एकमेकांचे टॉवर ग्राहकांसाठी खुले करायला लावतं, त्याला इंट्रा सर्कल रोमिंग म्हणतात. ते सुरू झालं असेल तर तुमचा फोन दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क पकडू शकतो.

ज्यांच्या घरी फायबरचं ब्रॉडबँड आहे त्यांनी वायफाय कॉलिंग आजच चालू करून ठेवावं. टॉवर बंद आणि केबल शाबूत असं झालं तर त्यावरून नेहमीच्या नंबरवर नेहमीसारखा कॉल होतो. मात्र राउटरला वीज लागते. इन्व्हर्टर किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस नसेल तर हे सगळं व्यर्थ. तांब्याच्या तारेवरचा जुना लँडलाइन कोणाकडे राहिला असेल तर त्याला मात्र एक्स्चेंजमधूनच वीज येते, घरात अंधार असला तरी चालतो. वाडीत असं एखादं घर असेल तर ते सगळ्यांना ठाऊक हवं.

आखातातून येणाऱ्या कोणी हौसेने सॅटेलाइट फोन आणू नये. आपल्याकडे परवान्याशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे.

दुकानातला फळा आणि वही

नेटवर्क गेलं की दुसऱ्या तासापासून अफवा सुरू होतात. पाणी वाढतंय, पूल गेला, अजून एक वादळ येतंय. मी दुकानाच्या दारात शाळेतला जुना फळा लावते आणि त्यावर तीनच रकाने आखते: काय, कोणी सांगितलं, किती वाजता. "खेडचा रस्ता बंद" एवढं मी लिहीत नाही. "खेडचा रस्ता झाडामुळे बंद, एसटीच्या ड्रायव्हरने सांगितलं, सकाळी 9.30" असं लिहिते. ज्याला स्वतः बघितलेला माणूस सांगता येत नाही, त्याची बातमी फळ्यावर चढत नाही. कोणी रागावलं तरी चालेल. आकाशवाणी रत्नागिरीच्या बातम्या ऐकून त्याही लिहिते. सेलवर चालणारा रेडिओ वाडीत एक तरी हवाच. काही मोबाइलमध्येही एफएम असतो, पण वायरचा इअरफोन जोडल्याशिवाय तो लागत नाही, कारण ती वायरच त्याची अँटेना.

फळ्याखाली वही. ज्याला बाहेर निरोप द्यायचा त्याने आपलं नाव, ज्याला कळवायचं त्याचा नंबर आणि एका ओळीचा निरोप लिहायचा. दापोली किंवा खेडच्या दिशेने जो कोणी जाईल, मोटारसायकलवाला, दूधवाला, एसटीचा कंडक्टर, त्याने पानाचा फोटो काढायचा आणि रेंज लागेल तिथे थांबून एकेकाला एसएमएस करायचा. परत येताना उत्तरं आणायची. निरोपात आजाराचे तपशील, पैशाची गोष्ट, "घर रिकामं आहे" असलं काही लिहायचं नाही, वही सगळ्यांच्या हातात जाते. हे करायला सरपंच लागत नाही की निधी लागत नाही. एक फळा, एक वही आणि सकाळ-संध्याकाळ तिथे उभा राहणारा एक विश्वासाचा माणूस लागतो.

पैसे

नेटवर्क गेलं की क्यूआर कोड नुसता चिकटवलेला कागद. "अमुक रुपये मिळाले" म्हणणाऱ्या डब्यातही सिमच असतं, तोही गप्प होतो. एटीएम आणि पेट्रोल पंपावरचं कार्डाचं मशीन यांचीही तीच गत. घरात आठवडाभर पुरतील एवढ्या नोटा ठेवा, आणि त्या दहा, वीस, पन्नास, शंभरच्या. प्रत्येकजण पाचशेची नोट घेऊन आला तर सुटे मी कुठून आणू? नुसतं इंटरनेट गेलं आणि साधा सिग्नल असेल तर *99# वरून बँकेचा व्यवहार होऊ शकतो, पण प्रत्येक कंपनीच्या सिमवर तो चालतोच असं नाही. हे शांतपणे एकदा करून बघा, अडचणीत शिकायला जाऊ नका.

रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीनही नेटवर्कवर चालतं. पावसाळ्यात महिन्याचं धान्य आल्याबरोबर उचला.

आजारी माणूस आणि होडीवरची माणसं

आपल्या कंपनीचं नेटवर्क नसलं आणि दुसऱ्या कोणाचं थोडं जरी असलं, तरी 112 लागू शकतो. स्क्रीनवर फक्त आपत्कालीन कॉल असं दिसलं तर लावून बघाच. पण कोणाचंच नसेल तर 112 नाही, 108 ची गाडीही बोलावता येत नाही. म्हणून कोणाकडे जीप आहे, कोणाला रात्री चालवता येते, ही नावं आशाताईंकडे आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली हवीत. दिवस भरत आलेली बाई किंवा डायलिसिसचा पेशंट घरात असेल तर वादळाचा इशारा आल्याबरोबर त्यांना दापोलीत नातेवाइकाकडे हलवा. पोलीस ठाण्यात वायरलेस असतो. अगदी जिवावर बेतलं तर तिथवर माणूस पाठवा, तिथून वरपर्यंत निरोप पोहोचतो.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. पण वादळं ऑक्टोबर-नोव्हेंबरातही येतात. तेव्हा होडीवर व्हीएचएफ संच, म्हणजे बिनतारी रेडिओ, चालू स्थितीत हवा आणि तांडेलाखेरीज, म्हणजे होडीच्या प्रमुखाखेरीज, आणखी एकाला चॅनल 16 या संकटकाळच्या चॅनलवर बोलता यायला हवं. या संचाला मोबाइलच्या टॉवरशी देणंघेणं नसतं. होडी कुठे जाणार आणि कधी परतणार हे किनाऱ्यावर कोणाला तरी सांगून निघा, म्हणजे घरच्यांना विचारायला एक दार असतं.

रेंज आल्यावर

पहिल्या तासात सगळेच फोन लावतात आणि नुकतं उठलेलं नेटवर्क पुन्हा बसतं. आधी बाहेरच्या माणसाला एक एसएमएस, गप्पा रात्री. अडकलेले पैशाचे व्यवहार दुसऱ्यांदा करण्याआधी बँकेचं खातं बघा. नुकसानभरपाईच्या नावाने ओटीपी विचारणारे फोन याच दिवसांत येतात, ते कापून टाका. पॉवर बँक आणि टॉर्च पुन्हा पूर्ण चार्ज करा, कारण नेटवर्क पहिल्यांदा आलं की ते टिकतंच असं नाही. फळ्यावरची जुनी बातमी पुसा. वहीतले ज्यांचे निरोप पोहोचले त्यांच्या नावापुढे खूण करा, ज्यांचे राहिले त्यांना दारात जाऊन सांगा, आणि नंबर लिहिलेली पानं फाडून चुलीत घाला.