बार्ड रॉकची पिल्लं : नर कुठला, तलंग (तरुण मादी) कुठली?

अंडी पण आणि चिकन पण अशी दुहेरी कामाची कोंबडी पाळायची तर पहिलं काम म्हणजे नर-मादी लवकर वेगळे करणं, नाहीतर जे कापायचे तेच सहा महिने दाणा खात बसतात. बार्ड प्लायमाऊथ रॉक या जुन्या अमेरिकन जातीत (१८७४ पासून तिथल्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे मान्य जातींच्या यादीत आहे) हे त्यामानाने सोपं जातं.

पिल्लू एक दिवसाचं असताना डोक्यावर बघा. काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरट ठिपका असतोच, तो मोठा आणि पसरट असेल तर बहुतेक नर, छोटा नि नीट कडेचा असेल आणि नडग्या पण काळपट असतील तर मादी. पण यावर पैज लावू नका, मी एकदा लावली होती आणि माझी "राणी" तीन महिन्यांनी पहाटे आरवली 😀

खरं उत्तर पाच-सहा आठवड्यांनी पिसं आली की मिळतं. पट्ट्यांचा जीन नरात दोन असतात, मादीत एकच, म्हणून नर फिकट राखाडी दिसतो, त्याचे काळे-पांढरे पट्टे साधारण सारख्या रुंदीचे, आणि मादीचे काळे पट्टे जास्त रुंद त्यामुळे ती लांबून गडद दिसते. तुरा पण बघा, नराचा याच वयात लाल व्हायला लागतो. तुरा एकेरी, करवतीसारखा हवा, चपटा गुलाबतुरा असेल तर तुम्हाला डॉमिनिक ही दुसरीच पट्टेवाली जात दिलीय कोणीतरी.

वेगळे केले की नर १६ ते २० आठवडे वाढवा. ब्रॉयलरसारखं सहा-सात आठवड्यात तयार होईल ही अपेक्षाच ठेवू नका, हाडं आधी वाढतात, मांस नंतर भरतं. पूर्ण वाढलेला कोंबडा सव्वाचार किलोच्या आसपास जातो. तलंगा पाचेक महिन्यांनी तपकिरी अंडी द्यायला लागतात, वर्षाला दोनशेच्या आसपास, मधेच एखादी खुडूक बसली (अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसली) तर तेवढे दिवस गेले.

आणि जुनी कोंबडी अंडी देतेय का हे बघायचं तर पाय बघा. या जातीचे पाय पिवळे, पण सतत अंडी देणारीचे फिकट पडत जातात, पिवळा रंग बलकात जातो. म्हणून ऐन मोसमात जिचे पाय पिवळेधमक, कापायला तिचा नंबर आधी.