गाईड मिटून अमेरिकन पुस्तकावर चार पानं कशी लिहायची

सगळ्यात आधी गाईड मिटा. फेकू नका, परीक्षेच्या आदल्या रात्री ते लागतंच. पण वाचन संपेपर्यंत ट्रंकेत राहू द्या.

एम.ए. इंग्रजीला अमेरिकन साहित्याचा पेपर सुरू झाला, की लातूरच्या आमच्या होस्टेलवर ज्युनिअर मुली खोलीत येऊन बसतात. प्रश्न एकच असतो. "ताई, मॅडमनी पर्सनल रिस्पॉन्स, म्हणजे पुस्तक वाचून आपल्याला काय वाटलं ते, लिहून आणायला सांगितलंय. त्यात लिहायचं काय?" तोवर बहुतेकींनी काहीतरी लिहिलेलंही असतं. लेखकाचा जन्म, नोबेल कधी, तीन थीम, चार सिम्बॉल आणि शेवटी 'मला ही कादंबरी खूप आवडली'. यातली पर्सनल ओळ शेवटचीच, आणि ती सगळ्यांच्या वहीत सारखी. काही जणी दुसऱ्या टोकाला जातात. पुस्तकाचं नाव एकदा घेतात आणि पुढं चारही पानं स्वतःच्या गावाची. त्यात गाव छान उतरतं, पण ते कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येईल असं असतं. तुमच्या घराकडं जरूर जा, पण तिथून परत त्याच पानावर, त्याच ओळीवर या. परत आल्यावर ती ओळ आधीपेक्षा वेगळी दिसली, तर लिहायला विषय मिळाला म्हणायचं.

पहिल्यांदा लहान पुस्तक घ्या. हेमिंग्वेचं १९५२ चं 'द ओल्ड मॅन अँड द सी' बरं पडतं. वाक्यं छोटी आहेत, डिक्शनरी फार उघडावी लागत नाही. म्हाताऱ्या सांतियागोला ८४ दिवस मासा मिळालेला नाही, हे पहिल्याच वाक्यात कळतं. माणूस नष्ट होऊ शकतो पण हरू शकत नाही, या अर्थाची ओळ पुढं येते आणि ती दर वर्षी निम्म्या वर्गाच्या असाइनमेंटमध्येही येते. ती सोडा. वाचताना हातात पेन्सिल ठेवा आणि रेघ फक्त तिथं मारा जिथं तुम्ही खरोखर थांबलात. 'महत्त्वाचं वाटलं' म्हणून रेघ नको. महत्त्वाचं काय ते गाईडवाल्यानं आधीच ठरवून ठेवलंय.

माझी रेघ सुरुवातीच्या पानांतच पडली. मनोलिन नावाचा पोरगा म्हाताऱ्याला विचारतो, जेवायला काय आहे? म्हातारा सांगतो, पिवळा भात आणि मासा, खातोस का? पोरगा म्हणतो नको, मी घरी जेवीन. भात नाही, मासा नाही, आणि हे दोघांनाही माहीत आहे. फेकजाळं तर कधीच विकलंय, तरी पोरगा रोज विचारतो, जाळं नेऊ का? हे वाचून मला आमची खोली आठवली. महिनाअखेरीला मेसचे पैसे थकले की एक मैत्रीण म्हणते, आज माझा उपास आहे. कुठला उपास, असं तिला कोणी विचारत नाही. थोड्या वेळानं कुणीतरी डबा उघडून म्हणतं, घरून लई आलंय, संपव बाई.

इथवर लिहून थांबलात तर ती नुसती आठवण झाली. मी परत पान उघडलं. मनोलिनसुद्धा पुढं खरंच जेवण घेऊन येतो, हॉटेलवाल्या मार्टिनकडून. पण म्हातारा स्पष्ट विचारतो, हे कुणी दिलं? आणि म्हणतो, मोठा मासा मिळाला की त्याच्या पोटाचं मांस मार्टिनला द्यायला पाहिजे. म्हणजे घेतलेल्याचा हिशेब तो डोक्यात ठेवतो. आमच्याकडं 'कुणी दिलं' असं विचारायची सोय नाही, कारण विचारलं की उपासाचं सोंग उघडं पडतं. ८४ दिवस रिकाम्या हातानं परतलेला हा माणूस अजून देणारा म्हणून बोलतो. माझा सगळा रिस्पॉन्स या एका फरकावर उभा राहिला आणि पुढं त्याचा मासा खाणाऱ्या शार्कचं त्यात नावही आलं नाही.

यासाठी वही अशी आखा. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडं ओळ आणि पान नंबर, उजवीकडं तुमच्या आयुष्यातलं जे आठवलं ते, नावगावासकट. खाली चार बोटं जागा सोडा आणि तिथं दुसऱ्या दिवशी लिहा: वेगळं काय आहे? साम्य त्याच रात्री सुचतं, फरकाला झोप काढावी लागते. 'हृदयस्पर्शी', 'विचार करायला लावणारी', 'आजही तितकीच लागू' हे शब्द मी वहीत येऊच देत नाही. ते आले की समजायचं, मी पुस्तक न वाचता पाठीमागचं कव्हर वाचलंय.

आता मोठं पुस्तक. स्टाईनबेकचं 'द ग्रेप्स ऑफ रॉथ', १९३९ चं. जाड आहे म्हणून मुली यूट्यूबवर समरी बघतात. मराठवाड्यातल्या मुलीनं हे पुस्तक समरीवर सोडणं मला पटत नाही. ओक्लाहोमातलं जोड आडनावाचं कुटुंब पिकं करपल्यावर, धुळीनं आणि बँकेनं जमिनीवरून उठवल्यावर जुन्या गाडीत संसार घालून कॅलिफोर्नियाला निघतं. त्यात एक आड एक प्रकरणं अशी आहेत की जोडांचं नावच नाही, फक्त सगळ्यांची हकीकत. पुष्कळ जणी ती गाळतात. गाळू नका, आपल्या कामाचं बरंच तिथंच आहे.

पहिल्या प्रकरणाच्या शेवटी मक्याचं पीक गेलेलं असतं. पुरुष कुंपणापाशी उभे राहून शेताकडं बघतात आणि बाया चोरून पुरुषांच्या चेहऱ्याकडं बघतात. पीक गेलं तर गेलं, माणूस आतून मोडला का, एवढंच त्यांना बघायचं असतं. मी अंबाजोगाईकडच्या खेड्यातली. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात मी शाळेत होते. तेव्हा माय अण्णांच्या तोंडाकडं बघत नव्हती, ताटाकडं बघायची. ते दुसरी भाकरी घेतात का? नाही घेतली, तर त्या रात्री ती त्यांना एकट्याला शेतात जाऊ देत नसे, मला 'कंदील धर' म्हणून सोबत पाठवायची. स्टाईनबेकच्या बाया चेहरे बघून, पुरुष चिडलेत म्हणजे मोडले नाहीत, असं ओळखून निश्चिंत होतात. मायला अण्णांचा राग कधी दिसलाच नाही, ते गप्पच असायचे. मग प्रश्न पडला तो पुस्तकाला विचारण्यासारखा होता: रागावर एवढा भरवसा हा लेखक का ठेवतो? पुढची सगळी कादंबरी मी हा प्रश्न हातात धरून वाचली. द्राक्षांसारखा पिकत जाणारा राग तर पुस्तकाच्या नावातच आहे.

दुसरी जागा 'मजूर पाहिजेत' म्हणून वाटलेल्या पत्रकांची. वाटेत एका मुक्कामावर कॅलिफोर्नियाहून परतणारा माणूस जोडांना गणित सांगतो. मालकाला ८०० माणसं हवी असली तर तो ५००० पत्रकं छापतो, आणि ती वाचतात २०००० जण. मग उपाशी माणसांची गर्दी झाली की मजुरी पाडायची. आमच्या भागातली कुणीही मुलगी इथं लगेच लिहील, 'अगदी आमच्या ऊसतोडीसारखं'. तिथंच थांबा. माझे मामा-मामी दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम आधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला. म्हणजे आमच्याकडं माणसाला आगाऊ पैशानं बांधतात, जोडांना मोकळं सोडून लुटतात. त्यांना कुणी एक डॉलर उचल दिलेली नाही. मामा-मामी पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की गावी परततात. दाराला कुलूप नसतं, आत आज्जी असते. जोडांचं घर ट्रॅक्टरसाठी मोकळं केलंय. पुस्तकाचं दुःख जास्त की आपलं, हे मोजायला बसू नका. फक्त यंत्र कुठं वेगळं फिरतं ते दाखवा. अशा जागी माहितीही वापरावी. स्टाईनबेकनं १९३६ मध्ये वर्तमानपत्रासाठी या मजुरांच्या छावण्या स्वतः हिंडून लेख लिहिले होते. एवढी एक ओळ पुरते, चरित्र नको.

आपलं मत गाईडच्या उलट गेलं तर? जाऊ द्या, पण ओळीच्या आधारानं. रॉबर्ट फ्रॉस्टची 'मेंडिंग वॉल' ही १९१४ च्या संग्रहातली कविता घ्या. दोन शेजारी वसंतात हद्दीवरच्या भिंतीचे पडलेले दगड परत रचतात. कवी म्हणतो, माझी सफरचंदाची झाडं काही तुझ्या पाइनखाली चरायला येणार नाहीत, भिंत कशाला? शेजारी बापाकडून आलेलं वाक्य दोनदा सांगतो: कुंपण चांगलं तर शेजारी चांगला. गाईड म्हणतं, शेजारी मागासलेला. मला शेजारी पटतो. आमच्याकडं दर नांगरटीला बांध एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत सरकतो, मग मोजणी, मग तहसील, मग भावकीत दोन पिढ्या अबोला. बांध कोरणाऱ्याला 'भिंत कशाला' हा प्रश्न फार आवडेल! पण हे लिहून झाल्यावर कविता परत वाचली तर आणखी एक सापडलं. भिंत रचायची वेळ झाली असा निरोप शेजाऱ्याला कोण देतं? कवीच देतो. टिंगल करणाराच दरसाल पुढाकार घेतो. हे माझ्या बांधानं दाखवलं, पण आहे ते कवितेतच. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी भुवई उंचावली तेव्हा मी ती ओळ वाचून दाखवली. विषय मिटला.

काही पुस्तकांत तुमची जागा कुठली, हे आधी नीट बघावं लागतं. मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'मध्ये गुलामीतून पळालेला जिम आणि पोरगा हक तराफ्यावरून मिसिसिपीतून जातात. मुली भावनेच्या भरात लिहितात, 'मी जिमचं दुःख अनुभवलं'. मी नाही लिहू शकत. आमच्या घरात जातीचा चटका कुणी सोसलेला नाही. उलट गोठ्याच्या कोनाड्यात सालगड्याचा कप वेगळा असायचा. आज्जी मायाळू बाई, आणि कप तिनंच ठेवलेला. म्हणून मी हकच्या बाजूनं वाचलं. ३१व्या प्रकरणात तो जिमचा पत्ता कळवणारं पत्र मालकिणीला लिहितो, मग जिमनं आपल्या जागी पहारा दिलेला आठवतो आणि पत्र फाडतो. फाडताना त्याला वाटतं, आपण पाप केलं, आता नरकात जाणार. चांगल्या माणसांनीच त्याला ते पाप म्हणून शिकवलंय. आज्जी आणि तो कप यांच्याबद्दल मला तेवढंच लिहिता आलं. ज्यांच्या घरी तो कप दुसऱ्या बाजूनं माहीत आहे, त्यांचा रिस्पॉन्स वेगळा होईल आणि तो त्यांनीच लिहावा.

हक संपला की लँग्स्टन ह्यूज या काळ्या कवीच्या कविता वाचा, कारण ट्वेन हा गोरा माणूसच आहे. आणि तिकडच्या वर्णभेदाचं आपल्याकडच्या जातीशी नातं आपणच पहिल्यांदा जोडतोय असा समज करून घेऊ नका. लातूरच्या जनार्दन वाघमारे सरांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' मराठीत कधीच लिहून ठेवलंय. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरनं तर नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. कॉलेजच्या लायब्ररीत मराठीचं कपाटही उघडत जा.

कंटाळा आला तर तोही लिहा, पण पत्त्यासह. हर्मन मेलव्हिलच्या 'मोबी डिक' या कादंबरीच्या १३५ प्रकरणांत ३२वं प्रकरण देवमाशांचे प्रकार सांगत बसतं. तिथं मी पुस्तक मिटलं, तर रिस्पॉन्समध्ये '३२व्या प्रकरणात मिटलं' असंच लिहिलं आणि का ते दोन ओळींत. मॅडमनी तिथं बरोबरची खूण केली. वेळच नसेल तर एमिली डिकिन्सनची आठ ओळींची कविता घ्या, तिनं जवळजवळ १८०० लिहून ठेवल्यात.

वही मराठीत, पेपर इंग्रजीत. मी तरी असंच करते, कारण इंग्रजीत पहिल्यापासून लिहिलं की गाईडची वाक्यं आपोआप येतात. बांध, उचल, कोयता हे शब्द तसेच ठेवा आणि पहिल्या वेळी एका वाक्यात समजावून सांगा. चार पानांत ओळी दोनच घ्या, तीन झाल्या की एक उपाशी राहते. घरच्या माणसांची नावं लिहू नका, 'मामा' पुरे. ट्वेनचं पुस्तक आणि फ्रॉस्टचा तो संग्रह प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट मिळतो, मोबाईलवर उतरवून घ्या. स्टाईनबेक आणि हेमिंग्वे लायब्ररीतून काढा. सेमिस्टर सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात जा, नंतर एकच कॉपी असते आणि ती दुसऱ्या वर्षाच्या कुणाच्या तरी उशाखाली असते. स्टाईनबेक या घडीला माझ्याकडं आहे. कुणाला हवा असेल तर परीक्षेनंतर.